मुखवट्यातला 'ट'

इंदूरच्या एका वाचक भगिनींनी विचारले आहे की, महालक्ष्म्यांच्या पितळी चेहऱ्यांना सासूबाई 'मुखवटे' म्हणतात आणि मुले 'मुखौटे' म्हणतात, तर बरोबर काय. शिवाय करोनाच्या दिवसांत आपण तोंडाला जे बांधत होतो, त्यालाही मुखवटाच म्हणावे का?

सोंगाचा मुखवटा, चोराचा मुखवटा, 'त्याचा मुखवटा गळून पडला' यातला लाक्षणिक मुखवटा, हे सर्वांना ठाऊक आहेत. त्यांत मी वेळ घालवत नाही. मला चीड येते ती मराठी वाक्यात 'मुखौटा' ऐकून. हिंदीत तो शब्द निर्दोष आहे, मराठीत मात्र तो परका वाटतो, आणि का वाटतो ते त्याच्या शेपटावरूनच कळते.

'वटा' म्हणजे वर्तुळ, म्हणून मुखाएवढे वर्तुळ तो मुखवटा, असे माझ्या ओळखीचे एक निवृत्त शिक्षक वर्षानुवर्षे सांगत आले आहेत. मग कसोटी आणि लंगोट यांची वर्तुळे त्यांनी मला दाखवावीत. माझ्या मते हे शेपूट 'पट्ट', म्हणजे पट्टी, या शब्दाचे आहे. दोन स्वरांमध्ये सापडलेल्या 'प'चा 'व' होतो, जसा दीपाचा दिवा आणि तापाचा ताव. सोने घासून पाहण्याची कषपट्टिका जुन्या मराठीत कसवटी झाली आणि पुढे कसोटी. लिंगपट्टाचा लंगोट झाला. त्याच वाटेने मुखपट्टाचा मुखवटा झाला. म्हणजे मुखवटा आणि लंगोट हे चुलतभाऊ ठरतात, एक वरचे झाकणारा आणि दुसरा खालचे. हे ऐकून लोक हसतात, पण हसणे म्हणजे खंडन नव्हे.

संस्कृतात 'मुखपट', म्हणजे तोंडावरचे वस्त्र, हा शब्द तयार असताना 'मुखपट्ट' कशाला, असा आक्षेप कोणी घेईल. मेघदूतात मेघ ऐरावताचा क्षणभराचा मुखपट होतो, हे मलाही माहीत आहे. परंतु दोन स्वरांमधला एकटा 'ट' मराठीत टिकत नाही, त्याचा 'ड' होतो: घटाचा घडा, वटाचा वड, आणि कपाटाचे कवाड, ज्यात 'प' आणि 'ट' दोन्ही एकदमच बदललेले दिसतात. मुखपटापासून आला असता तर आपला शब्द 'मुखवडा' झाला असता. 'ट' वाचला तो जोडाक्षराच्या बळावरच.

दोन स्वरांमधल्या 'ख'चाही असाच 'ह' होतो, तो इथे का झाला नाही, हा प्रश्न उरतो. जैन साधू-साध्वींच्या मुहपत्तीत, म्हणजे तोंडापुढे धरायच्या वस्त्राच्या नावात, तो झालेला आहे. माझा तर्क असा की, हा शब्द प्रथम देवघरातला असल्यामुळे 'मुख' झिजू दिले गेले नाही. खंडोबाचा किंवा महालक्ष्मीचा मुखवटा काही लपवण्यासाठी नसतो, देवाला चेहरा देण्यासाठी असतो. उज्जैनला महाकालाच्या सवारीत होळकर संस्थानाच्या नावाचा जो मुखवटा निघतो, त्यालाही तिथे 'मुखारविंद' म्हणतात. त्यामागे हाच आदर आहे.

हिंदीने 'अव'चा 'औ' केला, म्हणून तिकडे कसौटी आणि मुखौटा. मराठीने आकुंचन केले तेव्हा 'ओ' केला, म्हणून आपल्याकडे कसोटी. मुलांना शब्द आखूडच करायचा असेल, तर त्यांनी खुशाल 'मुखोटा' म्हणावे. व्याकरण माझ्या बाजूने राहील आणि मी तक्रार करणार नाही.

राहिला करोनाचा प्रश्न. २०२० मध्ये मराठी वृत्तपत्रांतून 'मुखपट्टी' शब्द दिसू लागला, तेव्हा पुष्कळांनी त्याला ओढूनताणून केलेला म्हणून नाके मुरडली. वास्तविक मुखवट्याचा पूर्वजच पुन्हा घरी आला होता. नाक आणि तोंड झाकते ती मुखपट्टी, सगळा चेहरा होतो तो मुखवटा; दवाखान्यात मुखवटा मागू नये. आणि महालक्ष्म्यांच्या बाबतीत सासूबाईंचेच बरोबर आहे.