न्यू जर्सीत घर घेतलं, गॅरेज दाराचा रिमोट हरवला. नवा कोणता घ्यावा आणि जोडायचा कसा?

रिमोटचं दुकान शोधण्याआधी शिडी लावा आणि छताला टांगलेल्या मोटरकडे बघा. तिच्या मागे किंवा बाजूला, दिव्याच्या झाकणाखाली, एक छोटं 'लर्न' बटण असतं. मोटर चेंबरलेन किंवा लिफ्टमास्टर ब्रँडची असेल तर सगळी गोम त्या बटणाच्या रंगात आहे. पिवळं म्हणजे 2011 नंतरची 'सिक्युरिटी प्लस 2.0' (रिमोट आणि मोटरमधली सांकेतिक कोडची पद्धत), जांभळं म्हणजे 315 मेगाहर्ट्झ रेडिओ लहरींवर चालणारी, लाल-नारिंगी किंवा हिरवं म्हणजे 390 मेगाहर्ट्झवाली. पिवळ्याला जुना रिमोट चालत नाही. त्यामुळे पाकिटावर आपला रंग लिहिलेला बघूनच घ्या, 'युनिव्हर्सल' या शब्दावर भाळू नका.

जोडणं दोन मिनिटांचं काम. लर्न दाबून लगेच सोडा, बारीक दिवा लागेल. मग 30 सेकंदांच्या आत रिमोटचं बटण दाबून धरा. मोटरचा दिवा लुकलुकला किंवा टक् आवाज आला की झालं.

पण तुमचं घर जुन्या मालकाकडून घेतलेलं असेल, तर त्याआधी लर्न बटण सहा-सात सेकंद, बारीक दिवा विझेपर्यंत, दाबून धरा. जुने सगळे रिमोट आणि बाहेरचा कीपॅड पुसले जातात. हरवलेला रिमोट कुणाला सापडला तरी मग दार उघडणार नाही. (घरातल्या दुसऱ्या गाडीचा रिमोटही पुन्हा जोडावा लागेल, बायकोची बोलणी खाऊन सांगतोय.)

इतकं करूनही रिमोट ढिम्म? भिंतीवरच्या पॅनेलवर 'लॉक' चालू राहिलंय का बघा.