फवारणी आणि साखर

प्रश्न : डॉक्टर, निफाड तालुक्यात आमची द्राक्षबाग आहे. माझे यजमान 41 वर्षांचे, अंगाने सडपातळ. गेल्या महिन्यात त्यांना साखर निघाली. घराण्यात कुणालाच नाही. बागेतली सगळी फवारणी तेच करतात. सासूबाई म्हणतात, औषधांनीच घात केला. खरं असेल का?
– एक वाचक भगिनी

उत्तर : ताई, सासूबाईंचं म्हणणं मी उडवून लावणार नाही. अमेरिकेत आयोवा आणि नॉर्थ कॅरोलिनातल्या फवारणी करणाऱ्या हजारो लोकांचा 1993 पासून पाठपुरावा चालू आहे. 2008 साली त्यातून दिसलं, की डायक्लोरव्हॉस, ऑल्ड्रिन, क्लोरडेन अशी सात औषधं वापरणाऱ्यांत मधुमेह जास्त होता. मदुराईच्या संशोधकांनी 2017 मध्ये तमिळनाडूच्या खेड्यांतल्या तीन हजारांवर लोकांची पाहणी मांडली. ऑर्गॅनोफॉस्फेट गटातल्या कीटकनाशकांशी थेट संबंध येणाऱ्यांत तिथेही तेच. उंदरांवरच्या प्रयोगात त्यांना आढळलं, की आतड्यातले जिवाणू हे औषध फोडतात, त्यातून ॲसिटेट तयार होतं आणि यकृत त्याची साखर करू लागतं.

तरी तुमच्या यजमानांना औषधानेच मधुमेह झाला, असं छातीठोकपणे कुणी सांगू शकणार नाही. आपल्याकडे सडपातळ माणसांनाही तो होतो. शिवाय द्राक्षावरची बरीच फवारणी डाऊनी-भुरी या बुरशीच्या रोगांसाठी, म्हणजे बुरशीनाशकांची. वरचे निष्कर्ष मुख्यतः कीटकनाशकांचे आहेत. म्हणून फवारणीची वही घेऊनच फिजिशियनकडे जा. वजन झपाट्याने उतरत असेल तर सी-पेप्टाइड आणि अँटिबॉडीच्या तपासणीबद्दल आवर्जून विचारा. मधुमेह कोणत्या प्रकारचा, ते त्यांवरून कळतं; एका प्रकारात गोळ्यांनी भागत नाही, इन्सुलिनच लागतं. साखरेचं चालू औषध मात्र मनाने बंद करू नका.

मला संताप येतो तो वेगळ्याच गोष्टीचा. घड परदेशी जायचा तर त्यात औषधाचा अंश किती उरला, त्याचा रेसिड्यू रिपोर्ट लागतो. फवारणाऱ्या माणसाच्या रक्ताचा रिपोर्ट कुणी मागत नाही. माझ्याकडे येणारे कितीतरी जण पिंपातलं औषध उघड्या हाताने ढवळतात, तुंबलेलं नोझल तोंडाने फुंकतात आणि त्याच हाताने तंबाखू मळतात. फवारताना औषध अंगात जातं ते सर्वांत जास्त कातडीतून. ऑक्टोबर छाटणीनंतर आभाळ आलं की फवारणीला खंड नसतो, आणि भिजलेला सदरा तसाच अंगावर राहतो. रबरी हातमोजे, अंगभर कपडे, काम संपताच साबणाने आंघोळ, एवढं आजपासून सुरू करा. तोंडाला बांधलेल्या रुमालाने वाफ अडत नाही.

ते कपडे तुम्हीच धूत असणार. हातमोजे घाला, घरच्या धुण्यात ते मिसळू नका. अमेरिकेतल्या त्याच पाहणीत, गरोदरपणाच्या पहिल्या तीन महिन्यांत औषध कालवणाऱ्या-फवारणाऱ्या बायकांना गरोदरपणातला मधुमेह जास्त झाला होता. घरात जाऊ-नणंद कुणी गरोदर असेल तर तिला पिंपाजवळ फिरकू देऊ नका. आणि तुमची स्वतःचीही उपाशीपोटीची साखर याच आठवड्यात बघून घ्या.