'सांगत्ये ऐका'चे 131 आठवडे आणि 'सैराट'चे 100 कोटी: मोठा हिट कोणता?

तुम्ही विचारलं आहे की 1959 चा 'सांगत्ये ऐका' पुण्याच्या विजयानंद थिएटरात 131 आठवडे चालला, 2016 च्या 'सैराट'ने 100 कोटींचा पल्ला ओलांडला, मग या दोघांत मोठा कोण? मी ऐंशीच्या दशकात आणि नव्वदीच्या सुरुवातीला एका मराठी चित्रपट वितरकाकडे प्रतिनिधी होतो. रिळांची पेटी घेऊन एसटीने तालुक्याच्या गावी जायचं, रोज खिडकीवरची तिकिटं मोजायची, डीसीआरवर म्हणजे रोजच्या हिशेबाच्या कागदावर सही करायची, हे माझं काम. त्यामुळे हा प्रश्न दिसला आणि राहवलं नाही.

आठवडा आणि कोटी ही दोन वेगळी मापं आहेत. आठवड्यांवरून एकाच थिएटरातला मुक्काम कळतो, कोटींवरून रुपये. सिनेमा पाहिला किती माणसांनी, हे दोन्हींतून थेट कळत नाही, आणि माझ्या मते तुलना करायची तर तीच करायला हवी.

आधी आठवडे. त्या काळी सिनेमाची एकेक प्रिंट महाग पडायची, म्हणून मोजक्याच काढायच्या. त्या आधी मुंबई-पुण्याला लागायच्या, मग कोल्हापूर, सोलापूर, मग तालुक्याची गावं, आणि घासून घासून रेघा पडल्या की जत्रेतल्या तंबूत. मुंबईत दूरदर्शन सुरू झालं 1972 साली, व्हिडिओ त्यानंतर. म्हणजे 1959 मध्ये हंसा वाडकर आणि जयश्री गडकर यांना पाहायचं तर थिएटर गाठण्यावाचून इलाज नव्हता. सिनेमा वर्षानुवर्षं मुक्काम ठोकू शकला त्यात या परिस्थितीचा मोठा वाटा आहे.

पण म्हणून तो आकडा किरकोळ ठरत नाही. हात आखडूनच हिशेब करू. दिवसाला एकच खेळ धरा, खेळाला 400 माणसं धरा. 131 आठवड्यांचे 917 खेळ होतात आणि प्रेक्षक होतात 3 लाख 66 हजारांवर. 1961 च्या जनगणनेत पुणे शहराची लोकसंख्या सहा लाखांच्या आसपास होती. त्यातले कितीतरी प्रेक्षक आसपासच्या खेड्यांतून आले असतील, कितीतरी पुन्हा पुन्हा आले असतील, हे मान्य. तरी एका शहरातल्या एका थिएटरात एवढी माणसं जमवणं ही अनंत माने यांच्या त्या तमाशापटाची ताकद आहे, आणि तिच्यापुढे मी आजही हात जोडतो.

आता कोटी. 'सैराट' 29 एप्रिल 2016 ला एकाच दिवशी शेकडो पडद्यांवर लागला. डिजिटल आल्यामुळे पेटीची वाट पाहणं संपलं होतं. तिकिटाचा सरासरी दर 100 रुपये धरला तर 100 कोटी म्हणजे एक कोटी तिकिटं. खेड्यातला दर कमी असतो, म्हणून 80 धरा, सव्वा कोटी होतील. 2011 च्या जनगणनेत महाराष्ट्राची लोकसंख्या 11 कोटी 24 लाख होती. म्हणजे साधारण दर नऊ ते अकरा माणसांमागे एक तिकीट, तेही फोनवर, टीव्हीवर सगळं फुकट मिळत असताना. साताऱ्याकडे रहिमतपूरला रात्री बारा आणि पहाटे तीनचे खेळ लावावे लागले होते. ज्यांनी थिएटरची सवय सोडली होती अशा लोकांना नागराज मंजुळे यांनी पुन्हा खिडकीपाशी आणून उभं केलं, आणि हे मला 100 कोटींच्या आकड्यापेक्षा मोठं वाटतं.

रुपये किती फसवतात ते पाहायचं तर 'गदर' घ्या. 2001 च्या पहिल्या भागाचा देशातला निव्वळ गल्ला 75 कोटींच्या आसपास आणि 2023 च्या दुसऱ्या भागाचा 500 कोटींच्या वर. सात पट! पण धंद्यातल्या लोकांच्या अंदाजाने पहिल्या भागाची तिकिटं पाच कोटींच्या घरात गेली, दुसऱ्याची साडेतीन कोटींच्या आत राहिली. मधल्या काळात मल्टिप्लेक्स आली आणि दर वाढले. फ्रान्समध्ये आजही सिनेमाचं यश विकल्या गेलेल्या तिकिटांत सांगतात. आपल्याकडेही तसंच व्हायला हवं होतं.

आठवड्यांतही फसगत आहेच. 'दिलवाले दुल्हनिया'ने मुंबईच्या मराठा मंदिर थिएटरात डिसेंबर 2014 मध्ये 1000 आठवडे पूर्ण केले, पण ते बहुतेक काळ सकाळच्या एका खेळावर आणि स्वस्त तिकिटावर. चारही खेळ हाउसफुल्ल असलेले पंचवीस आठवडे आणि मॅटिनीचे पंचवीस आठवडे, दोन्हींना रौप्यमहोत्सवच म्हणतात.

जुने आकडे वाचताना आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा. ते बहुधा कमीच नोंदलेले असतात. तेव्हा करमणूक कर जबर होता. एका तालुक्याच्या गावी मी स्वतः पाहिलं आहे, डोअरकीपर तिकीट न फाडताच घ्यायचा आणि तीच तिकिटं पुन्हा खिडकीवर जायची. थिएटर भरून वाहतंय आणि डीसीआरवर अर्धं रिकामं. मालकाशी भांडून मी त्या रात्री पेटी उचलून निघालो होतो. यात कर बुडायचाच, पण निर्मात्याचा हिस्साही बुडायचा आणि प्रेक्षक कागदावरून पुसला जायचा. हल्ली तिकीट संगणकावर निघतं, त्यामुळे हिशेब बराच चोख राहतो.

'माहेरची साडी'च्या वेळी मी कामावर होतो. दुपारच्या खेळाला बायका ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून यायच्या, पदरात भाकरी बांधून. खेळ सुटला की थिएटराबाहेर रडून लाल झालेले डोळे पुसत उभ्या राहायच्या. तिकीट चार-पाच रुपये. त्या गर्दीचे एकूण रुपये आज लिहिले तर कुणाला काहीच वाटणार नाही.

तर तुमच्या प्रश्नाला माझं उत्तर असं: एका शहराला वर्षानुवर्षं धरून ठेवण्यात 'सांगत्ये ऐका' मोठा, थोड्या दिवसांत राज्यभरातली माणसं बाहेर काढण्यात 'सैराट' मोठा. एकच नाव सांगा म्हणालात तर मी 'सांगत्ये ऐका' म्हणेन, कारण पुण्यापुरता तरी लोकसंख्येच्या मानाने त्याचा वाटा मला जड दिसतो.

पण याहून नेमकं उत्तर हवं असेल तर गावोगावच्या थिएटरांतले जुने डीसीआर हवेत, कारण तिकिटांचे आकडे लिहिलेले असायचे ते तिथेच. एकपडदा थिएटरं पाडताना ते गठ्ठे रद्दीत जातात. हे वाचणाऱ्यांपैकी कुणाच्या घरी, कुणाच्या काकांच्या माळ्यावर असे कागद असतील तर कृपा करून विकू नका. आधी निदान त्यांचे फोटो काढून ठेवा.