जनसंपर्काची मूलतत्त्वं शिकायची तर सुरुवात कशापासून करावी?

प्रेसनोटपासून नको, संशोधनापासून करा: कोणाशी बोलायचंय आणि त्यांना आज काय वाटतं, हे शोधण्यापासून. जनसंपर्काचे अभ्यासक जॉन मार्स्टन यांच्या संशोधन, कृती, संवाद, मूल्यमापन या क्रमात ते पहिलं आहे, आणि कृतीसुद्धा संवादाच्या आधी येते. ते का, हे १९८२ च्या टायलेनॉल या वेदनाशामक औषधाच्या प्रकरणातून उत्तम कळतं. शिकागो परिसरात त्याच्या कॅप्सूलमध्ये कुणीतरी सायनाइड मिसळलं, सात जण दगावले. औषधाची कंपनी जॉन्सन अँड जॉन्सनने सुमारे ३ कोटी १० लाख बाटल्या परत मागवल्या आणि छेडछाड लगेच दिसेल अशा वेष्टनात औषध पुन्हा बाजारात आणलं. हे प्रकरण तारीखवार वाचाच. मात्र लेखन नुसतं वाचून येत नाही. त्यासाठी रोज एक बातमी दीडशे शब्दांत स्वतः लिहा.