विधवेची दमडी: दानाला 'दमडी' कशी काय चालते?

प्रश्न असा आलाय की एका ख्रिस्ती मित्राने पूरग्रस्तांसाठी पैसे पाठवताना मेसेजमध्ये 'ही आपली माझी विधवेची दमडी' असं लिहिलं, पण दमडी शब्द तर आपण कंजूषपणासाठी वापरतो (चमडी जाईल पण दमडी जाणार नाही) नाहीतर तुच्छतेने, मग दान देताना तो कुठून आला?

आला बायबलमधून. मार्कच्या शुभवर्तमानात (शुभवर्तमान म्हणजे येशूचं चरित्र सांगणारं बायबलमधलं पुस्तक) 12व्या अध्यायात आणि लूकच्या 21व्यात ही गोष्ट आहे. यरुशलेमच्या मंदिरात दानपेट्या असायच्या, ज्यू परंपरेप्रमाणे 13, तुतारीच्या आकाराच्या, आणि येशू समोर बसून बघतोय की श्रीमंत मंडळी भरपूर टाकतायत, तेवढ्यात एक गरीब विधवा येते आणि दोन बारकी नाणी टाकून जाते. तो शिष्यांना म्हणतो हिने सगळ्यांपेक्षा जास्त टाकलं, बाकीच्यांनी भरल्या घरातलं थोडं दिलं आणि हिने पोटापाण्याला होतं ते सगळंच दिलं.

मूळ ग्रीकमध्ये नाण्याचं नाव लेप्टॉन. मार्क लगेच खुलासा करतो की अशी दोन म्हणजे एक क्वाड्रान्स, हे रोमन नाणं, बहुतेक त्याचे वाचक रोमन पैशांत हिशोब करणारे असावेत, लूक त्या भानगडीत पडतच नाही. मजुराची दिवसाची मजुरी एक दिनार (रोमन चांदीचं नाणं) धरली तर क्वाड्रान्स त्याचा 64वा भाग, म्हणजे खरंच काहीच नाही. मराठी भाषांतरात याचं झालं 'दोन टोल्या म्हणजे एक दमडी'. टोली नावाचं नाणं आता कोणाच्या लक्षात नाही, हल्लीची पोरं ते टोळ्या असं वाचतात आणि गोंधळतात, दमडी मात्र म्हणींच्या जिवावर टिकली म्हणून वाक्प्रचारातही तीच राहिली. (गंमत म्हणजे दमडी हा दामचा लहान अवतार, दाम आलाय द्रम्मवरून आणि द्रम्म ग्रीक द्राख्मावरून, म्हणजे ग्रीक गोष्टीतलं नाणं मराठीत येताना फिरून ग्रीक मुळाच्याच शब्दात येऊन बसलं!)

तर दमडीतला तुच्छपणा इथे मुद्दामच हवा आहे, बाजारात ज्याला कोणी विचारणार नाही तेच सगळ्यात मोठं दान ठरलं, त्याशिवाय गोष्टीला धारच नाही.

पण वापर चुकतो तो दुसरीकडे. लोक याचा अर्थ 'छोटीशी देणगी' असा घेतात. तसं म्हणायचं तर मराठीत फूल ना फुलाची पाकळी आहे, मोठ्या कामात थोडा हात लावला तर खारीचा वाटा आहे, प्रेमाने आणलेली साधी भेट असेल तर सुदाम्याचे पोहे आहेत. विधवेची दमडी यातल्या कशातच बसत नाही, कारण तिथे किती दिलं यापेक्षा मागे काय उरलं ते बघायचं असतं आणि तिच्याकडे काहीच उरलं नाही. महिन्याचा पगार व्यवस्थित बँकेत पडून आहे आणि त्यातून हजार रुपये दिले तर ती पाकळी झाली, दमडी नाही. शिवाय येशूने हे तिच्याबद्दल म्हटलंय, ती स्वतः एक अक्षर बोलत नाही, म्हणून स्वतःच्याच देणगीला हे नाव देणं मला जरा खटकतं, नम्रता दाखवायला जावं आणि नकळत मोठेपणा घ्यावा असं होतं ते.

आणखी एक, मार्कमध्ये याच्या अगदी आधीच्या ओळींत येशू विधवांची घरं गिळणाऱ्या शास्त्र्यांवर, म्हणजे ज्यू धर्मशास्त्राच्या पंडितांवर, चिडलेला आहे. त्यामुळे काही अभ्यासक म्हणतात की हे नुसतं कौतुक नाही, गरीब बाईकडून शेवटचा पैसाही निघावा अशा व्यवस्थेवर टीकाही आहे. मला हे पटतं, कारण पुढे सुरुवातीच्या मंडळीत, म्हणजे ख्रिस्ती समाजात, विधवा मुख्यतः मदत घेणाऱ्यांच्या यादीत दिसतात. बायबलमधल्याच 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकाच्या 6व्या अध्यायात विधवांना रोजचं अन्न वाटताना भेदभाव होतो अशी तक्रार आली म्हणून त्या कामाला सात माणसं नेमली, आणि इ.स. 251च्या सुमाराचं रोमच्या बिशप कॉर्नेलियसचं पत्र आहे त्यात तिथली मंडळी 1500हून जास्त विधवा आणि गरजूंना पोसते असं लिहिलंय.

तुमच्या मित्राने शब्द तसा ओळखीचाच वापरलाय, त्यांच्याकडे प्रार्थनासभेत तो सर्रास कानावर पडतो, त्यामुळे त्यांना टोकायला जाऊ नका. तुम्ही स्वतः लिहिणार असाल तर 'फूल ना फुलाची पाकळी' लिहा.