आतड्याचा कॅन्सर लिव्हरमध्ये परत आलाय, पुन्हा ऑपरेशन करावं का?

तुम्ही लिहिलंय, वडील ६३ वर्षांचे, मोठ्या आतड्याचं ऑपरेशन होऊन दोन वर्षं झाली, आता लिव्हरमध्ये दोन गाठी दिसल्यात. सर्जन पुन्हा ऑपरेशन म्हणतायत आणि घरातले म्हणतात, हत्यार लागलं की पसरतो, आता हात लावू नका.

मी डॉक्टर नाही. सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या अडतीवर दिवाणजी आहे. पोटावर दोन व्रण आहेत: एक उभा, बेंबीला वळसा घालून गेलेला, आतड्याच्या ऑपरेशनचा, २०१७ चा, दुसरा उजव्या बरगडीखाली, हॉकीच्या काठीसारखा, लिव्हरच्या ऑपरेशनचा, २०१९ चा. हत्याराचं ते वाक्य मलाही निम्म्या गल्लीनं ऐकवलं. पण आतड्याचं रक्त थेट यकृतात जातं, त्यामुळं सुटलेल्या पेशी बहुतेक वेळा तिथंच मुक्काम ठोकतात. त्या पहिल्या ऑपरेशनच्या आधीच निघालेल्या असू शकतात.

माझं सापडलं ते सीईएच्या रक्ततपासणीत. सीईए म्हणजे रक्तातलं एक प्रथिन, या कॅन्सरमध्ये ते वाढू शकतं. दर तीन महिन्यांनी करायची होती, एक पाळी मी हळदीच्या सीझनमध्ये चुकवली. पुढच्या वेळी ५ च्या आत राहणारा आकडा १४ वर. दुखणं नाही, भूक चांगली, वजन जागच्या जागी. परत येणाऱ्यांपैकी बहुतेकांचा पहिल्या दोन-तीन वर्षांतच येतो, म्हणून तर तपासण्यांची एवढी घाई असते.

परत आला म्हणजे कुठं आला, यावर सगळं आहे. लिव्हर किंवा फुप्फुसात मोजक्या गाठी असतील तर काढता येण्याची शक्यता चांगली. पोटाच्या आतल्या अस्तरावर सगळीकडं पसरला असेल तर काम अवघड. सर्जनला दोनच गोष्टी विचारा: सगळं निघेल का, आणि उरलेलं लिव्हर पुरेल का? निरोगी यकृताचा २० ते ३० टक्के भाग राहिला तरी भागतं आणि ते पुन्हा वाढतं. केमो झालेल्याला थोडं जास्त ठेवावं लागतं. शिल्लक कमी पडणार असेल तर एका बाजूची रक्तवाहिनी आधी बंद करतात, म्हणजे काही आठवड्यांत दुसरी बाजू फुगते. मला हे ऐकून उसाच्या खोडव्याची आठवण झाली होती.

निकालाचं खरं सांगतो. लिव्हरमधलं पूर्ण निघालेल्यांत शंभरातले साधारण ४० ते ५० जण पाच वर्षांनी हयात असतात. हे निवडून घेतलेल्या पेशंटचे आकडे आहेत, सरसकट सगळ्यांचे नव्हेत. आणि निम्म्याहून जास्त जणांना तो पुन्हा कुठं तरी डोकावतो. त्यातल्या काहींचं तिसऱ्यांदाही काढता येतं. मला अजून डोकावलेला नाही, पण रिपोर्टचं पाकीट फोडताना हात थरथरतोच.

दुसरं मत घ्याच, आणि ते लिव्हरची ऑपरेशनं रोज करणाऱ्याकडून. मी मिरजेत दाखवून मग रात्रीची महालक्ष्मी पकडली आणि सकाळी परळला टाटात. तिथं नुसते कागद चालत नाहीत. सीटीची सीडी लागते, पहिल्या ऑपरेशनच्या स्लाइड आणि ब्लॉक, म्हणजे काढलेल्या गाठीचे काचेवरचे आणि मेणात जपलेले तुकडे, लागतात. माझे ब्लॉक पहिल्या हॉस्पिटलातून मिळवायला तीन हेलपाटे पडले, तेव्हा आजच अर्ज द्या. गाठीची आरएएस आणि एमएसआय तपासणी, म्हणजे तिच्या जनुकांची तपासणी, झालीय का तेही बघा, औषध त्यावर ठरतं. खर्चासाठी महात्मा फुले योजनेत काय बसतं ते रेशनकार्ड घेऊन हॉस्पिटलमधल्या आरोग्यमित्राला विचारा.

केमोनं माझ्या बोटांची टोकं बधीर झाली ती झालीच. हळकुंड मोडलं की आता कानानं पारखतो. ऑपरेशनचं दुखणं मात्र पंधरवड्यात उतरलं. फक्त पहिले चार दिवस खोकला आला की जीव जातो. वडिलांच्या उशाशी एक जादा उशी ठेवा, खोकताना पोटाशी घट्ट धरायला.