क्रीडा-शंका : मुलाचा खेळ जोखताना नेमके काय पाहायचे?

शालेय आणि जिल्हास्तरीय बेसबॉल स्पर्धा आटोपल्या, की या सदराकडे येणाऱ्या पत्रांचा सूर बदलतो. नियमांविषयीच्या शंका मागे पडतात आणि ‘आमच्या मुलात काही आहे का?’ हा एकच प्रश्न निरनिराळ्या शब्दांत विचारला जातो. मी प्रशिक्षक नाही. तीसहून अधिक वर्षे पुण्यातल्या मैदानांच्या कडेला बसून मुलांचे सामने पाहणारा, आणि अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरचे सायंकाळचे सामने पाहण्यासाठी पहाटे साडेचारला उठणारा मी एक प्रेक्षक आहे. या महिन्यातील पाच पत्रांना त्याच नात्याने उत्तरे देत आहे.

प्रश्न : माझा मुलगा तेरा वर्षांचा आहे. यंदाच्या स्पर्धेत त्याने २५ वेळा बॅटिंग करून १२ हिट मारल्या (चेंडू मारून तो सुरक्षितपणे बेसवर पोहोचला), म्हणजे त्याची सरासरी ०.४८० झाली. तरीही पुढच्या शिबिरासाठी त्याची निवड झाली नाही. तितक्याच वेळा बॅटिंग करून ९ हिट मारणाऱ्या, चणीने त्याच्याहून लहान असलेल्या मुलाची झाली. हे कोणत्या निकषावर झाले असेल? – एक पालक, कोथरूड

आपली निराशा मला समजते. निवडीच्या वेळी मी तिथे नव्हतो, त्यामुळे ती योग्य होती की अयोग्य, हे मी सांगणार नाही. मात्र १२ आणि ९ या दोन आकड्यांवरून ते ठरवता येत नाही, एवढे नक्की सांगतो. ०.४८० आणि ०.३६० या सरासरी शेजारी शेजारी लिहिल्या की अंतर मोठे वाटते. प्रत्यक्षात ते तीन चेंडूंचे अंतर आहे. आपल्याकडची मैदाने ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना हे तीन चेंडू कुठून येतात ते ठाऊक असते. एक चेंडू खड्यावर आपटून शॉर्टस्टॉपच्या, म्हणजे दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसमधल्या क्षेत्ररक्षकाच्या, खांद्यावरून जातो, दुसरा दुसऱ्या बेसवरच्या मुलाच्या पायांमधून निसटतो, आणि तिसरा खरे तर क्षेत्ररक्षकाची चूक असते, पण गुणलेखक तो हिट म्हणून लिहितो.

शिवाय या वयात मुले धातूच्या बॅटने खेळतात. चेंडू बॅटच्या मुठीजवळ लागला, तरी अशा बॅटवरून तो कित्येकदा इनफिल्डच्या, म्हणजे बेसच्या आसपासच्या मैदानाच्या, पलीकडे जाऊन पडतो. तोच फटका लाकडी बॅटने मारला, तर चेंडू तो टाकणाऱ्या पिचरच्या पायाशी घरंगळत येईल किंवा बॅटच मोडेल, आणि व्यावसायिक बेसबॉल फक्त लाकडी बॅटने खेळला जातो. तेराव्या वर्षी शरीराची वाढही सारखी नसते. एकाला मिसरूड फुटलेली असते, तर दुसऱ्याचा आवाजही फुटलेला नसतो. अमेरिकेत मुलांचे वयोगट बराच काळ ३१ जुलै ही तारीख धरून ठरवले जात, आणि तिथल्या मेजर लीग या सर्वोच्च व्यावसायिक स्पर्धेपर्यंत पोहोचलेल्या अमेरिकी खेळाडूंमध्ये जुलैत जन्मलेल्यांपेक्षा ऑगस्टमध्ये जन्मलेले ठळकपणे अधिक आढळले. ऑगस्टच्या मुलाला आपल्या गटात जवळजवळ वर्षभर मोठे असण्याचा लाभ मिळतो. तो अधिक खेळवला जातो, त्याच्याकडे अधिक लक्ष दिले जाते आणि तो पुढे जातो. आपल्या मुलाची जन्मतारीख वयोगटाच्या तारखेशी एकदा ताडून पाहावी.

मग पाहायचे काय? बॅटरने कोणते चेंडू सोडले, हे मी सर्वांत आधी पाहतो. मागच्या हिवाळ्यात एका सामन्यात नवव्या क्रमांकाचा एक मुलगा बॅटिंगला आला. त्याचे हेल्मेट भुवयांवर घसरत होते. पहिले दोन्ही चेंडू स्ट्राइक गेले; तिसरा स्ट्राइक म्हणजे बाद. तिसरा चेंडू बाहेरच्या बाजूने आला. मुलाचा पुढचा पाय टेकला, कंबर वळू लागली, पण हात मागेच राहिले आणि त्याने बॅट रोखली. चौथा त्याने फाउल केला, म्हणजे रेषेबाहेर मारला. पाचवा खाली धुळीत पडणारा होता, तो सोडला. सहावा पुन्हा फाउल, सातवा उंच, तोही सोडला. आठवा त्याने नीट मारला, पण सरळ शॉर्टस्टॉपकडे, आणि तो बाद झाला. स्कोअरबुकात त्या आठ चेंडूंची नोंद ‘६-३’ (शॉर्टस्टॉपने पहिल्या बेसवर फेकून बाद) एवढीच झाली. त्याच्या आधी आलेल्या धिप्पाड मुलाने खांद्याच्या उंचीचा पहिलाच चेंडू लेफ्ट फील्डरच्या डोक्यावरून मारून दोन बेस मिळवले होते आणि टाळ्या त्याला पडल्या. मी मात्र माझ्या वहीत त्या हेल्मेटवाल्या मुलाचा क्रमांक लिहून ठेवला.

त्याचे कारण असे. मोठ्यांच्या बेसबॉलमध्ये पिचर १८.४४ मीटर अंतरावरून चेंडू टाकतो, आणि ताशी १४५ किलोमीटर वेगाचा चेंडू सुमारे ०.४ सेकंदात बॅटरपर्यंत पोहोचतो. मारायचे की सोडायचे, याचा निर्णय त्याच्या निम्म्याहून कमी वेळात घ्यावा लागतो. खांद्याच्या उंचीचे चेंडू मारण्याची सवय संथ पिचरसमोर खपून जाते; वेग वाढला की तीच सवय खेळाडूला घरी पाठवते. बिली बीन यांचे उदाहरण या बाबतीत बोलके आहे. उंची, धाव, हाताची ताकद असे सगळे असलेला हा तरुण १९८० च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघांनी आळीपाळीने नवे खेळाडू निवडण्याच्या प्रक्रियेत, पहिल्याच फेरीत, २३ व्या क्रमांकावर निवडला गेला. पण मेजर लीगमध्ये तो १४८ सामनेच खेळला आणि त्याची सरासरी ०.२१९ राहिली. पुढे ओकलंडच्या संघाचे महाव्यवस्थापक झाल्यावर याच बीन यांनी, शरीरयष्टीपेक्षा बेसवर पोहोचण्याच्या क्षमतेला महत्त्व देऊन खेळाडू निवडले.

आणि एकदा निवड हुकली म्हणून दार बंद होत नाही. आल्बर्ट पुहोल्स १९९९ मध्ये तेराव्या फेरीत, ४०२ वा निवडला गेला आणि ७०३ होमरन मारून निवृत्त झाला. माइक पियाझा तर १९८८ मध्ये ६२ व्या फेरीत, १३९० वा होता. २०१६ मध्ये त्याचा हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे बेसबॉलमधल्या थोर खेळाडूंच्या मानाच्या यादीत, समावेश झाला. पुढच्या सहा महिन्यांत आपल्या मुलाच्या हिट मोजू नका. स्ट्राइक झोनबाहेरच्या, म्हणजे मारण्याजोग्या चौकटीबाहेरच्या, किती चेंडूंवर त्याने बॅट फिरवली, तेवढेच मोजा आणि तो आकडा खाली येतो का, ते पाहा.

प्रश्न : अमेरिकेतील निवडकर्ते खेळाडूंना २० ते ८० या मापावर गुण देतात असे वाचले. आमच्या शाळेत ते वापरता येईल का? स्टॉपवॉचने काय काय मोजावे? – एक क्रीडाशिक्षक, चिंचवड

या मापात ५० म्हणजे मेजर लीगमधील सरासरी दर्जा. ६० म्हणजे त्याहून स्पष्टपणे सरस, ७० आणखी वर, आणि ८० दुर्मीळ. बॅटचा चेंडूशी संपर्क, फटक्याची ताकद, धाव, क्षेत्ररक्षण आणि हाताची ताकद अशा पाच गुणांना स्वतंत्र गुण दिले जातात, आणि प्रत्येक गुणासाठी ‘आज’ आणि ‘पुढे’ असे दोन आकडे लिहिले जातात. त्यातली मोलाची गोष्ट म्हणजे हा दुसरा आकडा. आज ३० असलेला मुलगा पुढे ५५ होऊ शकेल असे निवडकर्त्याला लिहावे लागते, आणि त्यासाठी त्याला खांद्यांची रुंदी, मनगटे, धावताना पडणारी पावले, चूक सुधारण्याचा वेग असे बरेच काही पाहावे लागते.

शाळेत हे माप जसेच्या तसे लावू नये. उजव्या हाताचा मेजर लीग बॅटर फटका मारल्यावर २७.४३ मीटरवरचा पहिला बेस साधारण ४.३ सेकंदांत गाठतो. डावखुरा पहिल्या बेसच्या जवळ उभा असल्याने त्याला सुमारे ०.१ सेकंद कमी लागतो. बॅटरच्या मागे बसणाऱ्या कॅचरने चेंडू पकडल्यापासून तो दुसऱ्या बेसवर पोहोचेपर्यंत २.० सेकंद लागले, तर ते सरासरी मानतात. हे आकडे बारा-तेरा वर्षांच्या मुलांसमोर ठेवले, तर ती हिरमुसतील. आपण वेळ जरूर मोजावी, पण जूनमधला मुलगा आणि डिसेंबरमधला तोच मुलगा यांची तुलना करण्यासाठी. घड्याळ बॅटला चेंडू लागल्याच्या क्षणी सुरू करावे आणि पाय बेसवर पडताच थांबवावे. एकाच माणसाने, एकाच जागेवरून, निदान पाच वेळा मोजावे.

प्रश्न : माझा बारा वर्षांचा मुलगा संघाचा मुख्य पिचर आहे. स्पर्धेत तो सलग तीन दिवस पिचिंग करतो आणि उरलेल्या डावांत कॅचर म्हणून बसतो. महिनाभर कोपराच्या आतल्या बाजूला दुखते आहे. प्रशिक्षक म्हणतात, वेग वाढताना असे होतेच, आणि निवड व्हायची तर आता थांबून चालणार नाही. – एक आई, सिंहगड रस्ता

ताई, त्याचे पिचिंग आजच थांबवा आणि त्याला अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवा. याबाबत माझ्या मनात कोणताही संदेह नाही. या वयात कोपराशी आणि खांद्याशी हाडांच्या टोकांना वाढीची मऊ कूर्चा असते, आणि तिच्यावर पुन्हा पुन्हा ताण पडला तर ती दुखावते. वेग वाढल्याची ती खूण नव्हे.

मेजर लीग बेसबॉल आणि यूएसए बेसबॉल या संस्थांनी २०१४ मध्ये लहान पिचरसाठी मार्गदर्शक मर्यादा जाहीर केल्या. त्यांनुसार ११ ते १२ वर्षांच्या मुलाने एका दिवसात ८५ हून अधिक चेंडू टाकू नयेत, आणि ६६ किंवा अधिक चेंडू टाकले तर त्यानंतर चार दिवस पिचिंग करू नये. ज्या सामन्यात पिचिंग केले, त्याच सामन्यात कॅचर म्हणूनही खेळू नये, हेही त्यांत सांगितले आहे, कारण कॅचरलाही प्रत्येक चेंडू परत फेकावा लागतो. सलग तीन दिवस पिचिंग आणि वर कॅचरचे काम, हे यातल्या कोणत्याच चौकटीत बसत नाही. कोपराचा अस्थिबंध बदलण्याची पहिली शस्त्रक्रिया डॉ. फ्रँक जोब यांनी १९७४ मध्ये टॉमी जॉन या ३१ वर्षांच्या व्यावसायिक पिचरवर केली होती; आज ती शाळकरी मुलांवरही करावी लागते, याचे मला फार वाईट वाटते.

वेगावरून बारा वर्षांचा पिचर निवडणे हीच मुळात चूक आहे. वेग बऱ्याच अंशी शरीराबरोबर येतो. पिचरमध्ये मी पाहतो, की विसाव्या चेंडूला त्याचा पुढचा पाय पहिल्या चेंडूच्याच जागी पडतो का, दमल्यावर कोपर खाली येते का, आणि कॅचरने जिथे ग्लोव्ह धरला त्याच्या आसपास चेंडू जातो का. मेजर लीगमधला पिचर ग्रेग मॅडक्स हा ना धिप्पाड होता, ना त्याचा वेग थक्क करणारा. चेंडू हव्या त्या जागी टाकण्याच्या बळावर त्याने ३५५ सामने जिंकले. आपल्या मुलाला विश्रांतीचे हे महिने बॅटिंग किंवा पहिल्या बेसवरचा खेळ शिकायला देता येतील, अर्थात डॉक्टरांनी परवानगी दिल्यावरच.

प्रश्न : मी सोळा वर्षांचा आहे आणि आजवर क्रिकेट खेळलो. आता बेसबॉलकडे वळलो तर उशीर झाला का? माझी उंचीही कमी आहे. – एक विद्यार्थी, हडपसर

उंचीची चिंता करू नकोस. व्हेनेझुएलाच्या होसे अल्तुवेला पहिल्या चाचणीतून उंची कमी म्हणून परत पाठवले होते; तो दुसऱ्या दिवशी पुन्हा गेला, २००७ मध्ये १५,००० डॉलरवर करारबद्ध झाला आणि २०१७ मध्ये मेजर लीगमधल्या अमेरिकन लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला.

उशिराविषयी मात्र खरे सांगायला हवे. रिंकू सिंग आणि दिनेश पटेल हे दोन भालाफेकपटू २००८ मध्ये भारतात झालेल्या वेगवान फेकीच्या स्पर्धेतून निवडले गेले आणि त्याच वर्षी मेजर लीगमधल्या पिट्सबर्ग पायरेट्स संघाने त्यांना करारबद्ध केले. त्यांच्या हातात वेग होता, पण लहानपणापासून हजारो चेंडू पाहून मुरणारी खेळाची जाण त्यांना विसाव्या वर्षाच्या उंबरठ्यावर मिळवावी लागली, आणि दोघेही मेजर लीगपर्यंत पोहोचले नाहीत. तुझी क्रिकेटमधली फेक आणि झेल इथे लगेच कामी येतील. बॅटिंग मात्र नव्याने शिकावी लागेल, कारण इथे चेंडू टप्पा न पडता येतो आणि नको तो चेंडू खेळून काढण्याची सोय नाही. राज्य पातळीवर खेळण्याइतका वेळ तुझ्याजवळ नक्कीच आहे.

प्रश्न : मला नियम अर्धवटच कळतात. नातवाचा सामना पाहताना काय पाहावे, आणि घरी आल्यावर त्याच्याशी काय बोलावे? – एक आजोबा, सदाशिव पेठ

चेंडू नातवाकडे येत नसेल, तेव्हा त्याच्याकडे पाहा. आपण लिहिले आहे की तो राइट फील्डला, म्हणजे मैदानाच्या उजव्या बाजूला मागे, उभा राहतो. समोरचा चेंडू जमिनीलगत शॉर्टस्टॉपकडे गेला, तर चांगला राइट फील्डर पहिल्या बेसच्या मागच्या बाजूला धाव घेतो, कारण फेक चुकली तर चेंडू तिकडे येणार असतो. दहापैकी नऊ वेळा फेक चुकत नाही आणि ती धाव कोणाच्या लक्षातही येत नाही; स्कोअरबुकात तिला रकाना नसतो. तो मुलगा दहाही वेळा धावतो का, तेवढे मोजा. रात्री जेवताना हिट किती झाल्या हे विचारण्याआधी, तू पहिल्या बेसच्या मागे कशासाठी धावत होतास, असे त्याला विचारा. तो आपल्यासमोर वाटी आणि चमचे मांडून सांगू लागेल.